नुसतं दारात उभं राहायचं

ती. दादा,

वरची खोली अजून रिकामी का, म्हणून काल फोनवर केवढा ओरडलास! उत्तर लिहितेय खरी, पण हे पत्र काही तुझ्यापर्यंत पोचायचं नाही.

भाडं थकलं की बाबा ते कधी मागायचे नाहीत. भाडेकरूच्या दारात जाऊन नुसते उभे राहायचे. भांडण नाही, धमकी नाही. समोरचा खजील होऊन आपणहून पैसे काढायचा. "तोंड उघडलंस की हरलीस," हे मला तूच बजावलं होतंस.

वरच्या शिंप्याचं भाडं थकलं, तशी मी दुपारी वर गेले. दार सताड उघडं. तो शिलाई मशीनवर पाठमोरा बसलेला, मान खाली, हात कापडावर. मी उभी राहिले. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, काय कोडगा माणूस आहे! मग मलाही चेव चढला. पाय भरून आले तरी हलले नाही. शेवटी चरफडत खाली आले.

संध्याकाळी त्याची बायको कामावरून परतली आणि वरून किंकाळी ऐकू आली. डॉक्टर म्हणाले, दुपारी कुणी नुसती हाक मारली असती, तरी वेळेत कळून तो वाचला असता.

खोली सोडताना बायकोने सगळं भाडं चुकतं केलं. मी ते घेतलंही.

आता दुपारी मी ओट्याशी पाठमोरी असले, की मागे दारात कुणीतरी येऊन उभं राहतं. वळून बघायची माझी छाती होत नाही. तो मागत काहीच नाही, दादा. नुसता उभा असतो.

तुझी,
धाकटी