एक इलँड, मादी, एकटी

गुरुवार, ४ सप्टेंबर

पोरगा नवेकोरे बूट घालून आलाय! मोजणीला! उद्या दुपारपर्यंत टाचा सोलणार — सोलू देत.

नाव बतसिराय. हरारेत बँकेत असतो आणि आमच्या रुवाशी लग्न करायचं म्हणतो. दादांनी हात वर केले — "सेकाय, तू पोरीची आत्या. तू हो म्हणालीस तर हो, नाही म्हणालीस तर नाही." रीतच आहे ती. मी म्हटलं, बरं, मग यंदा झांबेझीवर जनावरं मोजायला माझ्या तुकडीत पाठवा त्याला. माणूस चहाच्या कपामागे कळत नाही. उन्हात चालवला की कळतो.

खरं सांगू? — इथे कोण वाचतंय! — उत्तर ठरलेलंच आहे. नाही! तिची आई गेल्यापासून पोर माझ्याकडे वाढली. ती गेली की कारोईच्या घरात मी आणि कोंबड्या. संध्याकाळी बोलायला कुणी नाही. तेव्हा नाही म्हणजे नाही. फक्त कारण शोधायचंय.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पहाटे निघालो. पुढे बंदूकवाला रेंजर, मध्ये मी, मागे जावईबापू (होऊ घातलेले. म्हणजे, न होऊ घातलेले!). नदीपासून आत सरळ चालायचं, दोन्ही बाजूंना दिसेल ते मोजायचं. पोराची नजर चांगली आहे, मेल्याची.

वाटेत रानम्हशीचं शेण दिसलं. म्हटलं, "बोट घालून बघ ताजं आहे का. जाणती माणसं तसंच करतात." रेंजरनं तोंड फिरवलं. पोरानं मुकाट्यानं बोट घातलं. "कोमट आहे, आत्याबाई. कळप जवळच असेल." आणि होता की! पुढच्याच झुडपामागे! मग आमची जी पळापळ झाली — शेवटी मला त्याच्याच पाठीआड लपावं लागलं. डाव माझ्यावरच उलटला.

दुपारी जेवायला मी खुर्चीवर, तो जमिनीवर — जावयानं आत्यापेक्षा उंच बसायचं नसतं. बसला ती नेमकी मुंग्यांची वाट. मला दिसत होती. बोलले नाही. "छान सावली आहे," म्हणाला, आणि मक्याच्या पिठाचा साड्झा खाता खाता खाजवत राहिला.

शनिवार, ६ सप्टेंबर

टाच सोलली. माझी! जुन्या बुटांत!

मग मी सॉसेजच्या झाडाखाली बसले — हातभर लांब फळं लोंबतात ते — आणि शेंगदाणे खात राहिले. ते दोघं समोरच काठावर पाणघोडे मोजत होते. वॉकीटॉकी पोराकडे.

संध्याकाळी छावणीत मपोंडेरा उठला. निवृत्त रेल्वेवाला, विधुर, देवक हत्ती — कानही तसलेच. गुडघ्यानं दगा दिलाय म्हणून छावणीत वॉकीटॉकीपाशी बसून सगळ्या तुकड्यांचे आकडे घेतो, आणि दरवर्षी माझ्याच आकड्यांवर शंका काढतो. "सेकायबाईंना रानडुकरं जरा जास्तच दिसतात बुवा!" आज घसा खाकरून वाचलं — "इलँड. एक. मादी. एकटी. वय पिकलेलं. अंगानं भरलेली. सॉसेजच्या झाडाखाली बसून सारखं काहीतरी चघळत होती."

टाळ्यांचा कडकडाट! आमच्या पट्ट्यात इलँड हरीण दिसून कैक वर्षं झाली. मोजणी भरवणाऱ्या डॉब्सनबाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

मी मात्र हातातला घास खाली ठेवला. झाड तेच. चघळणंही तेच. अगं बाई — ती इलँड मीच की!

रविवार, ७ सप्टेंबर

उजाडताच पोराला कोपऱ्यात घेतलं. घामाघूम झाला, सगळं ओकला. मपोंडेरानं काल वॉकीटॉकीवर विचारलं, तुकडी कुठाय? ह्यानं अदबीनं सांगितलं, "म्होफू झाडाखाली."

अरे शहाण्या! आमचं देवक म्होफू, म्हणजे इलँड — कबूल. माणसाला देवकाच्या नावानं पुकारणं मानाचं — तेही कबूल. पण म्होफू म्हणायचं आमच्यातल्या पुरुषांना! आम्ही बायका चिहेरा! बाईला म्होफू म्हटलं की उरतं काय? जनावर! हरारेत एवढंही शिकवत नाहीत पोरांना.

"आणि ते पिकलेलं वय? भरलेलं अंग?"

"त्यांनी विचारलं, आत्याबाई. नर की मादी, एकटी की जोडीनं... मोठ्या माणसानं विचारलं, मी सांगत गेलो."

"आणखी काय विचारलं त्या कानवाल्यानं?"

"जवळ जायला धोका आहे का म्हणाले."

"मग?"

मान खाली. "मी म्हटलं, लांबून वाटतो. जवळ गेलं की नाही."

हात् मेल्या! इतक्या शिव्या तोंडाशी आल्या होत्या, एकही आठवेना.

तेवढ्यात कळलं, डॉब्सनबाई कॅमेरा घेऊन त्या झाडाकडे निघाल्यात. म्हाताऱ्या बाई दिवसभर काट्यांत बसणार, कशासाठी, तर माझ्यासाठी! पोराला म्हटलं, तू गप्प राहा, मी बघते. ऐकलं नाही. सरळ छावणीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "चूक माझी आहे. इलँड नव्हतीच. त्या आमच्या..." माझ्याकडे बघितलं. पण जागचा हलला नाही.

मग मीच उठले. "ती इलँड मी! या, काढा फोटो!"

जो काही हशा पिकला! डॉब्सनबाई हिरमुसल्या, मग त्याही पोट धरून हसल्या. मपोंडेरा तेवढा हसला नाही. खोडरबर शोधत बसला.

नाही म्हणायला कारण शोधत होते मी. आता काय शोधू? भर चौकात चूक आपल्या डोक्यावर घेणारा नवरा किती जणींना मिळतो?

सोमवार, ८ सप्टेंबर

दादांना फोन करून "हो" सांगितलं. मग खुराड्यात जाऊन कोंबड्यांसमोर पोटभर रडले.

शनिवार, २७ सप्टेंबर

आज बतसिरायचा मध्यस्थ आला, रुवाला रीतसर मागणी घालायला. त्याच्यामागून आणखी एक आत शिरला. म्हटलं, एका पोरीला दोन दोन कशाला? तो खाली बसला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून म्हणाला, "मी मपोंडेरांकडून आलोय. ते विचारतात, सॉसेजच्या झाडाखालच्या चिहेरा अजून एकट्याच आहेत का?"

चिहेरा! म्हणजे मेल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं! ते 'एकटी की जोडीनं' माझ्याबद्दलच विचारलं होतं!

रुवा स्वयंपाक सोडून दारात येऊन फिदीफिदी हसत उभी. मी मध्यस्थाला थांबायला सांगितलं, आत जाऊन आरशात बघून आले, आणि विचारलं — "गुडघा फारच दुखतो का हो त्यांचा?"