अख्खं घर

२ मार्च, रविवार
गाइडने आज पुन्हा त्याच्या पर्यटकांची वरात आमच्या खिडकीखाली आणून उभी केली! "आणि ही या वस्तीतली सर्वांत जुनी इमारत..." सगळे माना वर करून बघताहेत, आणि वर माझं बनियन वाळतंय. एका बाईने त्याचाही फोटो काढला.

ऐतिहासिक म्हणे! नाव मोठं, लक्षण खोटं. भिंतीत खिळा ठोकायचा तर परवानगी, खिडकी बदलायची तर परवानगी. ढेकणांना मात्र कुणी काही विचारत नाही. आत तीन भाडेकरू — मी, हा गाइड आणि तो बेकरीवाला — एक फ्रिज, एक संडास. त्याचा इतिहास कुणी सांगत नाही.

३ मार्च
बेकरीवाला पहाटे कामावरून येतो आणि अंगावरचं पीठ बेसिनमध्ये धुतो. पीठ आणि पाणी! काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळतं. "सॉरी काका." मी कुणाचा काका? दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन यांच्या पाइपात तार घालायची. या वयात!

४ मार्च
बेसिन अजून तुंबलेलं.

६ मार्च
मुलीचा फोन! घटस्फोटानंतर पहिल्यांदाच, स्वतःहून. "बाबा, रविवारी येऊ? तुमचं घर बघायचंय."

अंगावर मूठभर मांस चढलं. मग आठवलं, तिला काय सांगून ठेवलंय ते. बाल्कनीचं अख्खं घर घेतलंय, माझं स्वतःचं! तिची आई वकिलासमोर म्हणाली होती, "या माणसाला साधं घर करता आलं नाही." त्याच तिरमिरीत मारलेली थाप. आता खरं कळलं तर पोरगी पुन्हा तोंड बघणार नाही माझं.

७ मार्च
त्या दोघांपुढे नाक मुठीत धरून उभं राहावं लागलं. रविवारी दिवसभर बाहेर जा म्हटलं. गाइडने दात काढले. "बाहेर कशाला, काका? आम्ही तुमचे भाडेकरू बनतो की!" उंटावरचा शहाणा. बेकरीवाला मान डोलवत राहिला. त्याला तेवढंच येतं.

८ मार्च
नाटक कंपनी कामाला लागली आहे. फ्रिजच्या कप्प्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या निघाल्या. बाल्कनीची खोली बेकरीवाल्याची, ती त्याने रिकामी केली — दिवाणखाना म्हणे! स्वतःची गादी पॅसेजमध्ये कपाटामागे नेऊन टाकली. मी सांगितलं नव्हतं. काहीतरी डाव असणार. फुकट कोण एवढं करतं?

९ मार्च
आली. उंच झालीय. चष्म्याचा नंबर वाढलाय, बघताच कळलं.

गाइड तिला घर दाखवत फिरला. "ही साहेबांची बाल्कनी. संध्याकाळी साहेब इथे बसतात." हा मला साहेब म्हणतो! बेकरीवाल्याने केक आणला होता. "घ्या ना ताई," म्हणाला आणि दाराशीच उभा राहिला. स्वतःच्या खोलीच्या! ती बाल्कनीत कठड्याला टेकून मोठ्याने हसत होती. मला रडू आलं. आत जाऊन तोंड धुतलं.

जिना उतरताना म्हणाली, "आईला उगीच वाटतं, तुम्ही कुठल्या तरी खोपटात राहता."

१० मार्च
गाइड शीळ घालत हिंडतोय, जसा काही गडच जिंकला. बेसिन पुन्हा तुंबलं. बेकरीवाल्याची गादी त्याच्या खोलीत परत न्यायला गेलो तर म्हणतो, "असू दे काका. ताई परत आल्या तर?" मूर्ख आहे. कपाटामागे पाय दुमडून झोपतो. त्याला चहा करून दिला. साखर जास्त पडली, तरी प्याला.

१३ मार्च
पोरीचा फोन. आईशी कडाक्याचं भांडण झालंय. शनिवारी सामान घेऊन येतेय, कायमची. "एवढं अख्खं घर आहे तुमचं, बाबा. त्या दोघांना जायला सांगा ना! कसले लोक ठेवलेत!"

"सांगतो," म्हणालो.