नखाने खुडलेली पानं

३ जून
पुन्हा आले मेले! लाल भोपळ्याच्या पानांखाली तांबूस अंड्यांचे पुंजके. बोटाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून सगळी उचलली. संध्याकाळी बुंध्याशी जुनी फळी टाकली. रात्री किडे तिच्याखाली गोळा होतात. सकाळी फळी उलटवायची आणि त्यांना साबणाच्या पाण्यात बुडवायचं. ह्यांनीच शिकवलेलं. ह्यांना मात्र पट्टी नको. अंडी असतील तेवढा तुकडा अंगठ्याच्या नखाने खुडायचे, चंद्रकोरीसारखा. पानांची चाळण करता म्हणून मी ओरडायचे!

आता ओरडू कुणावर? पक्षाघाताचा झटका आल्यापासून हे पलंगावर. ना हालचाल, ना शब्द. घास पुढे केला की तोंड तेवढं उघडतात.

४ जून
फळी आधीच उलटवलेली! खाली किडे चिरडलेले. शेजारीण म्हणाली, "मी नाही हो! मला त्या वासानेच मळमळतं."

७ जून
पानांना चंद्रकोरी. अंडी गायब.

लेकीला फोनवर सांगितलं. "आई, तू थकलीयेस. बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेव आणि इकडे ये." थकलेय, खरंच. नोकरी सोडली. भरवणं, पुसणं, कूस बदलणं — पण ह्यांना परक्या हाती देववत नाही. कधीतरी नावाने हाक मारतील, ही आशा सुटत नाही.

१० जून
काल दाराला आतून कडी लावली. सकाळी कडी जागच्या जागी — आणि फळी उलटी.

११ जून
ह्यांचे हात पुसताना वास आला. चिरडलेल्या किड्यांचा, उग्र. अंगठ्याच्या नखात हिरवं.

हे छताकडे बघत होते. मी घास पुढे केला. ह्यांनी आ केला.

मी वाटी खाली आपटली. म्हणजे रोज उठता! मग मी कुणाची उस्तवार करतेय? तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. उत्तर आलं असतं तर?

१२ जून
आज मी उठलेच नाही. डोळे मिटून पडून राहिले. ऊन चढलं. शेजारचा पलंग करकरला. अनवाणी पावलं आली, उशाशी थांबली. स्वच्छ आवाजात हे म्हणाले, "ऊठ ना. भूक लागलीय."

मग परत जाऊन आडवे झाले. तोंड उघडून वाट बघतायत.