गोळे रंगवायची परीक्षा

बाई, आज दुपारी जेवताना आईने पुन्हा तुमचा विषय काढला. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या परीक्षेचं बोलणं चाललं होतं. आई ताटातली भाजी चिवडत म्हणाली, "तुझ्या आईची तर त्या बाईंनी वाटच लावली होती." मुलीने विचारलं, "व्हॉट बाई?" मग आईने सगळी गोष्ट सांगितली, नेहमीसारखी, नेहमीच्याच ठिकाणी उसासा टाकून. मी वाढत राहिले. तेहतीस वर्षं ही गोष्ट आमच्याकडे सांगितली जाते आणि दर वेळी मी काहीतरी वाढत असते, नाहीतर उचलत असते. आज मात्र इतकी चिडचिड झाली की भांडी तशीच सिंकमध्ये टाकून इथे येऊन बसले. तुमच्यावर मी चिडलेली आहेच, ती पहिल्या दिवसापासून. बाकी कोणाकोणावर, ते लिहिताना कळेल.

तुम्ही आम्हाला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय किराणा दुकानात भेटलात, मेथीच्या जुड्यांपाशी. आई मला काहीतरी बोलत होती, अर्थातच मराठीत, आणि तुम्ही वळून म्हणालात, "ठाण्याच्या का हो तुम्ही?" जुड्या निवडून होईपर्यंत आईला सगळं कळलं होतं. तुम्ही वसईच्या, चर्चच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मुलाकडे आलेल्या, रोज सकाळी थंडीतून चालत चर्चमध्ये मिस्सेला जाणाऱ्या. परतीच्या बसमध्ये आईचा चेहरा उजळला होता. "देवानेच धाडलं बघ. त्यांच्याच लोकांच्या शाळेची परीक्षा. त्यांना नाही कळणार तर कोणाला?" मी म्हटलं, "मॉम, शी इज फ्रॉम वसई." आई म्हणाली, "मग? पोप एकच आहे ना?"

मी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत होते.

आईचंही चुकत नव्हतं म्हणा. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टमध्ये काम करायची, बाबा शहराबाहेरच्या कारखान्यात. आमच्या भागातल्या सरकारी हायस्कूलमध्ये त्या सप्टेंबरात एका मुलाच्या लॉकरमध्ये सुरा सापडला होता, आणि त्या दिवसापासून आईने कॅथलिक सिस्टरांची मुलींची शाळा मनात पक्की केली होती. जानेवारीतल्या एका शनिवारी शहरातल्या सगळ्या कॅथलिक हायस्कूलांची प्रवेशपरीक्षा एकाच वेळी असायची. ज्या शाळेत जायचं तिथेच जाऊन ती द्यायची. म्हणजे एकच शाळा, एकच सकाळ. ती गेली की गेली.

दर बुधवारी शाळा सुटल्यावर आणि दर रविवारी तुमची मिस्सा झाल्यावर मी तुमच्या मुलाच्या स्वयंपाकघरात येऊन बसते. रेडिएटर खडखडतोय. तुम्ही साडीवर मुलाचा जुना स्वेटर घातलाय, पायांत लोकरीचे मोजे. आईने विकत आणलेलं सरावाचं पुस्तक तुम्ही आधी किराणाच्या तपकिरी पिशवीचा कागद कापून त्याचं कव्हर घालून घेता, कडा नखाने दाबून बसवता, आणि मगच उघडता. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, आणि वेगळ्या पानावर रंगवायला बारीक गोळे. तुम्ही चष्मा वर करून बघता. "गोळे काय रंगवायचे? चित्रकलेचा पेपर आहे का?" पुस्तक मिटून फ्रिजवर जातं आणि पुढचे तीन महिने तिथेच राहतं. तुम्ही मला दोनशे पानी वही देता. उदाहरण, रीत, उत्तर आणि शेवटी ताळा, म्हणजे आलेलं उत्तर उलटं फिरवत मूळ आकड्यापर्यंत परत न्यायचं, ते पोचलं तरच उत्तर खरं.

एका बुधवारचं मला अजून टोचतं. टाकी भरण्याचं गणित होतं, दोन नळ भरणारे आणि एक गळणारा. मी आकडा बघून बारा तास लिहिलं. तुमचं उत्तरही बाराच होतं.

"रीत कुठाय?"

"आय गेस्ड."

"मराठीत सांग."

"अंदाजाने लिहिलं, बाई. पण बरोबर आहे ना?"

"बरोबर नाही. सापडलं. रस्त्यात सापडलेली वस्तू आपली असते का?" आणि तुम्ही खोडरबर माझ्या पुढे सरकवलात. बरोबर आलेलं उत्तर मला स्वतःच्या हाताने पुसायला लावलंत. "येत नसेल तर कोरं सोड. कोऱ्या जागेची लाज नाही. न येणाऱ्याचं उत्तर लिहिणं ही थाप आहे."

मी सांगून बघितलं, बाई. दहा वेळा सांगितलं. इथे रीत कोणी बघत नाही, एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही, माझ्या वर्गातल्या मुली घड्याळ लावून गोळे रंगवायचा सराव करतात. तुम्ही म्हणालात, "परीक्षा कुठलीही असो, गणित तेच असतं." घरी आईला सांगितलं, बाईंना ही टेस्ट माहीत नाहीये. आई डबे धुता धुता म्हणाली, "वा! आता तू बाईंना शिकवणार!" दोन बायका माझ्या डोक्यावरून एकमेकींवर विश्वास ठेवून बसल्या होत्या. एकीने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही, आणि ज्या तिसरीला माहीत होतं तिचं कोणी ऐकत नव्हतं. त्या वयात याहून मोठा अन्याय मी पाहिला नव्हता.

का सांगितलं नाहीत? हा प्रश्न मी तुम्हाला भांडी घासताना विचारलाय, गाडी चालवताना विचारलाय. एक उत्तर मला खूप उशिरा सुचलं, माझी स्वतःची सासू इथे सहा महिने राहून गेली तेव्हा. त्या घरात तुम्ही एरवी आजी होतात, नातवाचे डायपर बदलणाऱ्या, सुनेला विचारून गॅस लावणाऱ्या. बुधवारी मी आले की तुमचा मुलगा टीव्ही बंद करायचा. सून पाणी घ्यायला यायची ती दबकत. तेवढा तास तुम्ही बाई असायचात. ही परीक्षा मी कधी बघितलेली नाही, असं म्हटलं असतं तर तो तास गेला असता. हे समजतं मला. समजल्याने राग जायला हवा होता. तो काही गेला नाही.

नाताळात तुम्ही नेवऱ्यांचा डबा दिलात. आईने एक मोडून आतलं खोबरं बघितलं आणि ओरडलीच, "अगं, या तर आपल्या करंज्या!" जणू आता काही प्रश्नच उरला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी शाळेच्या जिममध्ये लांबच लांब टेबलं मांडलेली. राखाडी स्कर्ट घातलेल्या एका सिस्टरने सूचना वाचून दाखवल्या. मग मी तुम्ही शिकवलं तसंच सोडवत बसले, रीत, उत्तर, ताळा, कच्च्या कागदावर सुंदर अक्षरात. माझ्या शेजारची मुलगी पान उलटत होती तेव्हा मी तिसऱ्या प्रश्नावर होते. गणिताच्या भागात शेवटचे एकोणीस गोळे कोरे राहिले.

फेब्रुवारीत शाळेचं पत्र आलं, एका पानाचं, नकाराचं. आई कोट न काढता तशीच तुमच्याकडे निघाली, मला हाताला धरून. तुम्ही चहाचं आधण ठेवलंत. आईने पत्र टेबलावर ठेवलं.

"बाई, ही परीक्षा तुम्ही आधी कधी बघितली होती का?"

"नाही."

"मग बोलायचं नाही? माझ्या मुलीचं वर्ष, तिची शाळा..."

"तुम्ही म्हणालात, आमच्या लोकांची आहे." तुमचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "मला वाटलं, गणित चांगलं झालं की कुठेही चालेल."

"नाही चाललं!" आई म्हणाली.

तुम्ही माझ्याकडे वळलात. पत्रातले गुण तुम्ही बोट ठेवून वाचले होते. "पोरी, शेवटची इतकी का राहिली?"

"ताळा करत होते," मी म्हटलं.

तुम्ही मान हलवलीत. गॅस बंद केलात. चहा कोणीच घेतला नाही.

मी सरकारी हायस्कूलमध्ये गेले आणि काही आभाळ कोसळलं नाही. सुरे दिसले नाहीत, एक चांगली केमिस्ट्रीची शिक्षिका मिळाली. पण आई पुन्हा तुमच्या दारात गेली नाही. मार्चमध्ये तुम्ही वसईला परत गेलात. थंडी सोसत नाही, असं तुमचा मुलगा सगळ्यांना सांगत होता. दोन वर्षांनी तो त्याच दुकानात भेटला तेव्हा तुम्हाला देवाघरी जाऊन तीन महिने झाले होते. मी गाडा ढकलत होते, आई भेंडी निवडत होती. तो मला म्हणाला, "आई पत्रात नेहमी विचारायची. त्या मुलीचं पुढे कसं झालं? मी तिला घाई करायला शिकवायला हवं होतं, म्हणायची."

तेव्हा बोलायला हवं होतं. निदान त्याच्यापाशी.

बाई, त्या सकाळी सिस्टरने सूचना वाचताना स्पष्ट सांगितलं होतं, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, एकही जागा रिकामी सोडू नका. संपायला दोन मिनिटं असताना तिने पुन्हा आठवण करून दिली. सगळ्या जिममध्ये पेन्सिली खरडायला लागल्या. एकोणीस गोळे रंगवायला मला एक मिनिट पुरलं असतं. मला तुमची शिकवण आठवली म्हणून मी थांबले असं नाही, तसं असतं तर किती बरं झालं असतं. मी ते कोरे गोळे बघितले आणि मनात म्हटलं, आता कळू दे यांना. तुम्हाला आणि आईला, दोघींना. मी पेन्सिल खाली ठेवली आणि हाताची घडी घालून घड्याळाकडे बघत बसले. मला शाळा हवी होती. पण माझं म्हणणं खरं ठरणं त्याहून जास्त हवं होतं.

आत्ता आईने पलीकडच्या खोलीतून विचारलं, इतका वेळ काय लिहितेयस. मी सांगितलं, सामानाची यादी.