सरांविरुद्धचा उलटतपास

१२ जून २०२४

बाही ओढली माझी! भर कोर्टात. गाऊनची बाही धरून खाली बसवलं – प्रश्न अजून अर्धा तोंडात होता.

तीन वर्षं झाली रामप्रसाद सरांच्या ऑफिसात. दावे मी टाइप करायचे, शपथपत्रं मी करायचे, नकला मी आणायचे. आज पहिल्यांदा म्हणाले, "प्रीती, साक्षीदार साधा आहे, उलटतपास तू घे." तिसऱ्या प्रश्नाला अडखळले. तेवढंच. सर उठले – "माफ करा साहेब, पोरगी कच्ची आहे." भोकरदनचं अख्खं कोर्ट हसलं.

वर बाररूममध्ये, सगळ्यांसमोर – "आरक्षणातून डिग्री मिळते, जबान नाही मिळत."

सगळे चहा पीत राहिले. मी पण. तेच जास्त लागलं.

१३ जून

ऑफिस सोडलं. "जा, महिन्यात परत येशील," म्हणाले.

येईन ना. समोरच्या बाजूनं येईन.

२ जुलै

कालपासून नवे कायदे लागू. साक्षीपुराव्याच्या कायद्यातल्या कलमांचे नंबर सगळे बदलले. १४५ चं १४८ झालं. सरांचे पंचवीस वर्षांचे पाठ केलेले नंबर एका दिवसात रद्दी! आता सर आणि मी एकाच वर्गात. फक्त ते अभ्यास करणार नाहीत. मी करणार.

बार लायब्ररीत बसायला लागले. निवाड्यांचे जुने खंड आहेत, पण धूळ खात. चावी लायब्ररी सांभाळणाऱ्या राजानंद काकांकडं. तीस वर्षं तेच कपाटं उघडतात, तेच लावतात.

१९ जुलै

हायकोर्टाच्या साइटवरचे निवाडे, एका रिटायर्ड जजसाहेबांची मोबाईलवरची भाषणं – सगळं वाचून-ऐकून राह्यले. एका प्रश्नात एकच गोष्ट. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही ते विचारायचंच नाही. वहीत लिहिते, आरशासमोर म्हणते. आईला वाटतं पोरगी बिघडली!

राजानंद काका बघून म्हणाले, "निवाड्यात निकाल असतो, बाई. लढाई जबान्यांत असते. झालेल्या केसेसच्या जबान्यांच्या नकला काढ. प्रश्नाला प्रश्न कसा जोडला ते त्यात दिसंल."

काढणार. कुणाच्या केसेसच्या, हे काकांना सांगितलं नाही.

२८ ऑगस्ट

सरांच्या अकरा केसेस वाचून झाल्या. माणूस उघडा पडला माझ्यासमोर!

उलटतपास धारदार घेतात, मान्य. पण स्वतःच्या साक्षीदाराकडं लक्ष नाही. शपथपत्रं सगळी एकाच साच्यातली. नाव बदललं, गाव बदललं, झालं. साक्षीदाराला वाचूनसुद्धा दाखवत नाहीत – हे तर मी डोळ्यांनी पाहिलेलं. समोरचे वकील त्यांचेच दोस्त, म्हणून कुणी विचारत नाही.

मी विचारीन.

२३ सप्टेंबर

आले! राजूरजवळचे बद्रीनाथ म्हणून शेतकरी. भावजयीनं विहिरीच्या पाण्यावरून दावा टाकलाय – उषाबाई, विधवा. म्हणते विहीर तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं मिळून खोदली, अर्धं पाणी तिचं. बद्रीनाथ म्हणतात, "मी एकट्यानं खांदली, मॅडम. भाऊ तवा गावात नव्हताच."

उषाबाईचा वकील कोण – रामप्रसाद सर!

बद्रीनाथांना आणखी काही विचारायचं राहून गेलं. वकीलपत्रावर सही मात्र लगेच घेतली.

११ मार्च २०२५

सरांनी उषाबाईच्या साक्षीचं शपथपत्र दाखल केलं. प्रत हातात पडली. तिथंच, कोर्टाच्या पायरीवर वाचली.

चौथा परिच्छेद माझा! २०२२ मध्ये दुसऱ्याच एका बाईसाठी मी टाइप केल्ता. तसाच्या तसा उचललाय. तिची बोअर होती, म्हणून उषाबाईच्या विहिरीचीही बोअर झाली. खाली – "मी स्वतः वाचून पाहिले, मजकूर बरोबर आहे." आणि त्याखाली अंगठा!!

इतकी खुश मी सनद मिळाली तेव्हाही नव्हते.

२० ऑगस्ट

तारीख उद्या. एकवीस प्रश्न तयार. त्यातले चारच विचारायचे.

२१ ऑगस्ट

आज बाजारात पोळ्याची गर्दी. कोर्ट निम्मं रिकामं. बघायला माणसं कमी, तेवढंच वाईट वाटलं.

उषाबाई उभी राहिली. साठीची असेल. पदर डोक्यावर, कठडा दोन्ही हातांनी धरलेला. मी आवाज चढवला नाही. हळू, गोड बोलले. ते पण भाषणांतच शिकले.

"उषाबाई, हे शपथपत्र तुम्ही वाचलं?"

"मला वाचता येत न्हाई, बाई."

"वकीलसाहेबांनी वाचून दाखवलं?"

तिनं सरांकडं बघितलं. "न्हाई. अंगठा लाव म्हणले."

"यात बोअर लिहिलीय. तुमच्या शेतात बोअर आहे?"

"बोअर कुठली? विहीर हाय."

"मंग यात लिहिलंय ते तुमचं सांगणं नाही?"

तिनं परत सरांकडं बघितलं. मंग बारीक आवाजात – "न्हाई मंग."

सर ताडकन उठले, हरकत घेतली, जुन्या कायद्याचं कलम म्हणाले. जजसाहेब चष्म्यावरून बघत – "वकीलसाहेब, कायदा बदलून वर्ष झालं." कुणीतरी हसलं. सर बसले. कुणी बाही न ओढता बसले!

बाहेर राजानंद काका भेटले. वाटलं शाबासकी देतील. म्हणाले, "त्या बाईचा घसा सुकला होता. पाणी तरी विचारायचं."

काकांना काय कळतं.

२५ नोव्हेंबर

दावा नामंजूर! निकालात स्वच्छ लिहिलंय – वादीला स्वतःच्या शपथपत्रातला मजकूर माहीत नाही, विश्वास ठेवता येत नाही.

सर बाररूममध्ये माझ्या टेबलाजवळून गेले. मान खाली. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "सर, पोरगी कच्चीच आहे अजून!" सगळे हसले. या वेळी माझ्या बाजूनं.

दीड वर्ष वाट पाहिली या हसण्याची. पोटभर ऐकलं.

४ डिसेंबर

बद्रीनाथ पेढे घेऊन आले. खुशीत होते. म्हणाले, "आता काय लपवायचं, मॅडम – विहीर आम्ही दोघा भावांनीच खांदली. वहिनी बराबरच सांगत व्हती. पण तुम्ही बोलूच दिलं न्हाई तिला!"

कलम १३२. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं बाहेर सांगता येत नाही. पाठ आहे मला.

निघाले तर उषाबाई कोर्टाच्या गेटापाशी बसलेली. सर भेटत नाहीत म्हणून तीन दिवस येतेय म्हणे. मला बघून उठली. राग नव्हता तोंडावर. "बाई, तुम्ही शिकलेल्या. एवढंच सांगा – मी खोटं काय बोलले?"