वरचे माझे, खालचे अँब्रोजचे

मी, फिलोमिना वांगलर, टपाल कचेरीतून निवृत्त, अविवाहित, राहणार वांगलर शेत, डिकिन्सनजवळ, नॉर्थ डकोटा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. दडपण जमिनीवर आहे, माझ्यावर नाही.

बाबांचे म्हातारपण मी काढले, म्हणून नांगर पोचतो तिथपर्यंतची जमीन त्यांनी मला दिली. मुलगा रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नांगराखालचे सगळे, तेल, वायू, जे निघेल ते, माझा भाऊ अँब्रोज याला लिहून दिले. खाली काही नाही, असेच तेव्हा सगळे समजत. सही करण्याआधी दोनदा विचार करावा हे मला शाळेतल्या ननांनी शिकवले. बाबांना कोणी शिकवले नव्हते.

अँब्रोजने फिनिक्समध्ये बसून तेल कंपनीला भाडेपट्टा दिला. कंपनीचा माणूस टोपी काढून माझ्या दारात उभा राहिला.

"बाई, जमीन तुमचीच आहे. आम्हाला फक्त खाली जायचंय."

"मग खालूनच या."

ते वरूनच आले. इथल्या कायद्यात खालच्याच्या हक्कापुढे वरच्याचे काही चालत नाही. मी फाटकाला कुलूप घातले, कोर्टाने ते काढायला लावले. आता खिडकीसमोर रात्रंदिवस तेलाच्या विहिरीतल्या वायूची ज्योत जळते. खिडक्यांवर रजया ठोकून मी आत बसते. शेत बघायला गिऱ्हाइके येतात, "खालचं मिळणार का?" विचारतात, माझा केक खाऊन जातात.

"अगं, विकून मोकळी हो ना!" अँब्रोज फोनवर म्हणतो.

"तूच घे."

"मला वरचं काय करायचंय?"

म्हणून घर आणि शेत मी अँब्रोजच्या मुलीला, रेजिनाला देत आहे. खालचे तिला बापाकडून मिळणारच आहे. हे भावाच्या मायेपोटी नाही. ही विहीर आटल्यावर पुढचा टोपीवाला येईल, तेव्हा त्याला 'नाही' म्हणायचा हक्क असलेले कोणीतरी या दारात हवे.

"आत्या, आणि मी 'हो' म्हटलं तर?" तिने विचारले.

"तर निदान तूच म्हटलेलं असेल."

पुढे तिला वाटणी करायची झाल्यास जमीन उभी कापावी. आडवी कधीही कापू नये.

बचत ननांच्या मठाच्या गळक्या छपरासाठी. भिंतीवर माझे नाव लावू नये.

फाटकाचे कुलूप अँब्रोजला. किल्ली सापडत नाही.

मला टेकडीवर आईशेजारी पुरावे. कबर नांगरापेक्षा खोल जाते, मग ती जागा कोणाची, असे मी वकिलाला विचारले. तो नुसता हसला. खड्डा खणताना कोणाचीही परवानगी मागू नये.

वरील सर्व मला मान्य आहे. बाकीचे मान्य नव्हतेच.

सही: फिलोमिना वांगलर

आमच्यासमक्ष सही केली:
लोरेटा होफार्ट, शेजारीण (हिचे वरचे आणि खालचे, दोन्ही हिचेच)
लिएंडर शॅट्झ, निवृत्त पोस्टमन

डिकिन्सन, ९ ऑक्टोबर २०१४