सुपडूचं रक्त

३ नोव्हेंबर १९६१, प्रकाशा
आलो एकदाचा. तापीकाठी हिंमतराव डॉक्टरांचा दवाखाना, मागे मला खोली आणि टेबलावर खरा जर्मन मायक्रोस्कोप. रक्त तपासणाऱ्याला आणखी काय हवं? सहा वर्षं मोठ्या आतड्याला व्रण आहेत, शौचावाटे रक्त जातं, हे मी भीतभीतच सांगितलं. डॉक्टरांनी नोकरी नाकारली नाहीच, उलट गोळ्या दिल्या. स्वयंपाकाच्या जसोदाबाई माझ्यापुरत्या वेगळ्या कण्या शिजवतात. घरी पत्र टाकलं, देवमाणूस भेटला म्हणून.

२१ नोव्हेंबर
पोट शहाण्यासारखं वागतंय. सोमवारी डॉक्टर माझं रक्त घेतात आणि धुळ्याला पाठवतात. घरच्या माणसाचं घरी तपासू नये, म्हणाले. मंगळवारी मी अक्कलकुव्याच्या सुपडू नावाच्या रुग्णाचं रक्त तपासतो; नमुना डॉक्टरच आणून देतात. त्यालाही माझंच दुखणं. पांढऱ्या पेशी चार हजार दोनशे, कमीच. आतड्याचा जुना आजार कधीकधी हाडांतल्या मगजापर्यंत पोचतो आणि रक्त बनणंच थांबतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

१२ डिसेंबर
सुपडू अडीच हजारांवर. बिचारा. माझ्या हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टर म्हणाले, थंडीमुळे.

२ जानेवारी १९६२
सुपडू अकराशे. घाटाच्या पायऱ्या चढताना मी दोनदा बसलो.

९ जानेवारी
सुपडूची बायको सुंदरबाई त्याची घोंगडी न्यायला आली. तो दसऱ्यालाच वारला, मी इथे येण्याआधी. मग मी इतके दिवस कोणाचं —
जसोदाबाईंना विचारलं. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ते तुन्हंच रगत शे, भाऊ."

१० जानेवारी
डॉक्टर शांतपणे म्हणाले, आपलंच रक्त आहे असं कळलं की मोजणाऱ्याचा हात चुकतो. मगज आतड्याच्या आजाराने सुकतो की त्यांच्या गोळ्यांनी, एवढंच त्यांना पाहायचं होतं. गोळ्यांबद्दल त्यांना सुपडूच्या वेळीच शंका आली होती. तरी माझ्या गोळ्या चालू ठेवल्या. फसवलं मला. आणि मी त्यांच्या पाया पडलो होतो.

१३ जानेवारी
ताप. पायांवर निळे डाग. डॉक्टरांनी जसोदाबाईंना गावी धाडलं. दाराला बाहेरून कडी —

१५ जानेवारी
मगज काढायला छातीच्या हाडात सुई घातली. काही आलं नाही. कोरडं. ते खूश झाले, खरंच खूश —

१६ जानेवारी
मायक्रोस्कोप खाटेशी आणून ठेवलाय. माझ्याइतका भरवशाचा हात नाही, म्हणे. माझ्या रक्ताची काच जवळजवळ रिकामी. आकड्यांच्या वहीत पुढच्या मंगळवारापुढे त्यांनी आधीच रेघ मारून ठेवली आहे.
नऊ हजार लिहितो. धडधाकट माणसाचा आकडा. त्यांची वही तरी बिघडू दे. कडी निघतेय — नऊ लिहिला, शून्य, आणखी एक शू